पन्नास ग्रॅमची डबी

फैजपूरच्या बसस्टँडमागे माझं पार्लर,
काचेवर पांढऱ्या रंगात 'फक्त महिलांसाठी',
त्यातला 'म' केव्हाचाच उडालाय.
दर शुक्रवारी पालच्या एसटीनं हुरमतबाई तडवी उतरते,
खताच्या पिशवीत दोन किलो सलईचा डिंक,
आणि तिच्या आधी पिशवीचा वास आत येतो:
लिंबाची साल, ओलं लाकूड,
जरासा विझलेला धूर.

पहिल्यांदा मी विचारलं होतं, झाड रडतं का गं?
कुठंतरी तसं वाचलं होतं.
"रडत न्ही माय, थुकते.
कुऱ्हाड लावली का थुकते.
थुकते तवर जितं हाय समजावं."

मग शिकवलं तिनं, माझ्याच गॅसवर.
साली वेचायच्या, मुंग्या वेचायच्या;
एक भुंगा निघाला अख्खा, तो खिडकीत ठेवला.
दुपारी कुटायचा नाही, खलाला चिकटून बसतो,
पहाटेच्या गारव्यात कुटायचा,
तेव्हा काचेसारखा फुटतो.
तीळतेल कोमट. उकळलं की गेलं.
मेण किती?
"बोटाच्या पेराएवढं."
कुणाच्या बोटाच्या?
तिनं माझं बोट पाहिलं, मग स्वतःचं.
"तुह्या," म्हणाली, "माहं लई झिजलं."

जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं.
भांडं मात्र अजून साफ झालेलं नाही.
राख झाली, रॉकेल झालं, लिंबू झालं.
आता दरवेळी त्यातच करते.

आधी कोपराच्या आत लावून एक रात्र बघायचं,
हे तिचं नाही, माझं.
फेगडे मॅडमना पुरळ उठलं तेव्हापासूनचं.

केळीला चरका लागतो त्या दिवसांत
बाया टाचा घेऊन येतात,
लग्न ठरलेल्या पोरी गालांवरचे पापुद्रे घेऊन.
पन्नास ग्रॅमची डबी, अडीचशे रुपये.
झाकणावर हिरवं पान छापून आणलंय भुसावळहून.
ते सलईचं नाही. प्रेसवाल्याकडे तेच होतं.

यंदा पौषात ती आली
आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून बसली.
रेशनच्या मशीनला तिचा अंगठा दिसत नाही.
उजवा नाही, डावा नाही. तिसरा महिना.
"मशीन म्हणते, हे बाई हायेच न्ही."
हसली.
मी हात हातात घेतला.
रेघा कुठं नव्हत्याच. भेगा होत्या,
आणि भेगांत चाळीस वर्षांचा डिंक, काळा, मुरलेला.

शेल्फवरून डबी काढली.
"हे तं माहंच हाय," ती म्हणाली.
झाकण उलटंसुलटं केलं. "कितीले इकते?"
मी सांगितलं. खरं सांगितलं.
बाहेर एसटी हॉर्न देत होती.
"मले किलोचे एकशेऐंशी."
तक्रार नव्हती ती,
नुसता हिशेब मांडला तिनं मोठ्यानं.

रात्री लाव, वर फडकं बांध, नऊ दिवस पाण्यात हात नको,
मी सांगत सुटले, जणू तिला मीच शिकवत होते.
नऊ दिवस पाण्यात हात नको!
तिनं ते ऐकून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी नाही आली.
त्याच्या पुढच्या आली.
किलोचे तीनशे मी न बोलता पुढं केले,
तिनं न बोलता मोजले,
पण अंगठ्याला थुंकी लावली नाही,
मलम जाईल म्हणाली.

मशीनचं काय झालं?
दुकानदार आधी खेकसला, तेल पूस पहिले.
पदराला पुसलं.
एकदा नाही. दुसऱ्यांदा नाही.
तिसऱ्यांदा टुंग वाजलं,
आणि पावतीवर नाव आलं, वडिलांचं चुकीचं, पण आलं.

तिच्या मागे रांगेत तेवीस माणसं होती.
सगळ्यांनी त्याच काचेवर अंगठा टेकवला,
आणि गव्हाची गोणी डोक्यावर घेण्याआधी
एकेकानं, ती करून दाखवते,
असा, गुपचूप,
अंगठा नाकाशी नेला.