कोटेशन

ओन्दिनाबाई, आकडा वाचून भिवया चढल्या तुमच्या,
बघितलं मी.
चौदा लाख ऐंशी हजार पेसो.
खालच्या वळणावरचा पोरगा सात लाखांत करतो म्हणता.
करेल की.
शनिवारी शिडी लावेल, सोमवारी उचलेल,
आणि पुढच्या हिवाळ्यात भिंत तुमची कात टाकेल.
रंग लावला की चुना लावला,
हे कळायला एक वर्ष जावं लागतं.

बसा जरा. कागद उलटा करू नका.

रंगाचे डबे अकरा. तुम्ही निवडलेला तो मक्याचा पिवळा.
सगळ्या रकमेत डब्यांचा वाटा पावसुद्धा नाही.
बाकीचे पैसे अशा कामाचे
जे संपल्यावर दाखवता येत नाही.

वालपरायसोचा डोंगर हा. समुद्र रात्री
पायऱ्या न चढता वर येतो
आणि पन्हाळी पत्र्याच्या घडीघडीत मीठ ठेवून जातो.
म्हणून पहिले दोन दिवस नुसतं गोडं पाणी.
लोक हसतात, रंगारी की धोबी?
हसू दे. मिठावर मारलेला रंग
पाहुण्यासारखा असतो, बूट न काढता बसलेला.

मग तारेचा ब्रश, मग पाती.
गंज आरपार गेला असेल तिथे पत्रा नवा.
खिळ्यांची डोकी पंधराशे चाळीस (मोजली आहेत),
एकेकाला अस्तराचा ठिपका.
चौकटीच्या भेगांत लांबी, ती वाळायला एक दिवस,
त्या दिवशी मी येणार नाही,
आणि त्या दिवसाचे पैसेही लावलेले नाहीत.
जुन्या थरांत शिसं आहे. ते कोरडं घासत नाहीत.
पाणी मारायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं,
आणि तुमच्या नातीनं आठवडाभर जिन्यात खेळायचं नाही.
मागच्या बाजूला घर चार मजले खोल उतरतं,
त्या मचाणाचं भाडं रोजचं.
येर्कोचा रोज. त्याचा विमा. माझ्या गुडघ्याचं
काही लावलेलं नाही.

आधी गंजाशी दोन हात,
मग रंगाचे दोन हात.
तो पोरगा फक्त दुसरे धरतो.

काल नमुना म्हणून दारापाशी वीतभर खरवडलं.
तुमचा निळा निघाला. खाली गुलाबी,
तुम्ही म्हणालात, लग्नाच्या वर्षीचा.
दोन्ही नखानं सुटले.
त्याखाली हिरवा. तिथे पाती बोथट झाली.
मग घराच्या नंबराची पाटी काढली
(इतकी वर्षं सगळे तिच्या भोवतीनंच रंगवत गेले)
तर हिरव्यावर पेन्सिलीनं :
‘१९६९. दोन हात. मिळाले ६०. येणे ४५ एस्कुदो. ओ. तापिया.’

तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचलंत.
‘सासऱ्यांच्या वेळचं,’ म्हणालात.
आत किटली ठेवल्याचा आवाज आला,
चहा काही आला नाही.

मी डोंगरावर विचारलं. तापिया कोणाला आठवत नाही.
ते नाणंही गेलं, पंचेचाळीस म्हणजे आज किती
हे बँकेतल्या मुलीनं हसण्यावारी नेलं.
पण त्याचे पैसे सुटले, बाई,
त्याचा हात सुटला नाही. पाती साक्षीला आहे.

तेव्हा माझं असं :
निम्मे आगाऊ, निम्मे मचाण उतरल्यावर.
याच्यात खाली येणार नाही.
पाटी पुन्हा तिथेच बसवीन
आणि तिच्याखालचा तेवढा चौकोन रंगवणार नाही.
त्याचे कापून घ्या हवं तर.
हिशेब केला मी. दोनशे वीस पेसो होतात.

मे महिन्यात पाऊस लागतो.
त्याच्या आत काय ते कळवा.