ऱ्हस्वदीर्घ

मंगळवारी आणि शुक्रवारी, तीन ते सहा,
सांगलीत, आमच्या ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर
झेरॉक्सच्या खोलीला लागून माझं टेबल असतं.
वर पुठ्ठ्याची पाटी : लेखन-साहाय्य.
खाली कुणीतरी पेनाने : टायपिंग पण?

येतात ते बॅग मांडीवर घट्ट धरून,
दवाखान्यात नंबर लावल्यासारखे.
"मॅडम, फक्त ऱ्हस्वदीर्घ बघा."
मी मॅडम नाही. तुमच्यातलीच.
माझंही तिसरं प्रकरण अडीच वर्षं
‘अंतिम’ या नावाने पडून आहे,
शेजारी ‘अंतिम दोन’, आणि ‘अंतिम खरे’.
हे सांगत नाही. खुर्ची पुढे ओढते.

शहेनाज तांबोळी तासगावच्या बेदाणा शेडवर लिहिते,
निवडणाऱ्या बायकांच्या बोटांवर.
तिचं एक वाक्य चौदा ओळींचं.
क्रियापदापाशी पोचेस्तोवर
कर्ता मिरजेलाच उतरलेला असतो.
आम्ही दोघी त्याला शोधत मागे जातो,
हसतो,
झेरॉक्सवाला दार लावून घेतो.

आणि नेमिनाथ मगदूम, हरिपूरचा,
दिवसा शाळेत भूगोल शिकवतो.
‘हळद साठवणुकीच्या पारंपरिक पद्धती : एक चिकित्सक अभ्यास’.
पान बेचाळीस :
‘सदर पेवांमध्ये उतरताना
दक्षता घेतली जात असे, असे निदर्शनास आले.’

कुणाच्या, मी विचारलं.
"काय कुणाच्या?"
निदर्शनास.

तो खिडकीबाहेर बघत राहिला.
बाहेर बघण्यासारखं काही नाही,
सायकल स्टँड, एक कोरडा नळ.
मी गप्प बसले.
या कामात मला हेच सगळ्यात उशिरा जमलं.

मग म्हणाला, तोंड उघडायचं पेवाचं
आणि कडेला बसून राहायचं. तासन् तास.
आतली हवा वाईट असते.
मग दोरीने कंदील सोडायचा.
जळत राहिला तर माणूस उतरणार.
विझला की वर ओढायचा, परत बसायचं.
"दोरी माझ्याकडं असायची. सात वर्षांचा असेन.
चुलते उतरायचे. आठवडाभर त्यांच्या कानातनं
पिवळं निघायचं. काकी ओरडायची, उशा बघा."

हे कुठाय प्रबंधात?
"हे कसं घालणार? याला संदर्भ नाही."

परवा सभेत प्राचार्य म्हणाले,
हल्ली पीएचड्यांचं पेव फुटलंय.
सगळे हसले, नेमिनाथही हसला,
पण जरा उशिरा.
पेव फोडताना आधी काय करतात
हे त्या सभागृहात एकालाच माहीत होतं.

पेन त्याच्याच हातात राहील
हा माझा एकमेव नियम.
त्याने लिहिलं : मी दोरी धरली होती.
‘मी’ खोडला. ‘संशोधकाने’ लिहिलं.
तेही खोडलं.
मग कितीतरी वेळ नुसतीच
‘दोरी धरली होती’,
कुणीच नाही धरलेली.
सहा वाजले. घाटगेमामा
एकेक ट्यूब बंद करत आमच्याकडे येत होते,
शेवटची त्यांनी पाच मिनिटं राहू दिली.

पुढच्या शुक्रवारी तो पानं घेऊन आला.
मार्गदर्शकांची लाल शाई, समासात :
वैयक्तिक. वगळावे?
"प्रश्नचिन्ह आहे," नेमिनाथ म्हणाला,
बोट त्यावर ठेवून, पुसलं जाऊ नये असं.
हे पान असंच जाईल का, मला माहीत नाही.
पूर्वी एकीला मी असाच धीर दिला होता,
तिचं अख्खं प्रकरण गेलं,
ती माझ्याशी अजून बोलत नाही.
तेही मी त्याला सांगितलं.
तो म्हणाला, बघू.

मग पानं सरळ करून, जवळजवळ दटावून :
"आता तरी ऱ्हस्वदीर्घ बघा."

बघितले.
‘दोरी’तली री, ‘होती’तली ती.
आणि ओळीच्या सुरुवातीला, दोनदा खोडून
तिसऱ्यांदा जरा वाकडा लिहिलेला
‘मी’.

दीर्घ आहे, म्हटलं. बरोबर आहे.