बस यायच्या आदल्या रात्री

यादी इकबाल परकारनं आणली, स्टोअरमधून,
हातमोज्यांच्या खोक्यात दडवून.
सव्वीस माणसं. नाव, वय, ट्रेड, उंची, रक्तगट.
कोण कुठल्या जागी खेळतो हा रकाना नाही.
तो आम्ही भरायचा.

रुवैसच्या आमच्या कँपात रीतच तशी:
नवी बस यायच्या आदल्या रात्री
चारी ब्लॉकांनी माणसं वाटून घ्यायची, न बघता.
तळाला असेल त्यानं पहिलं मागायचं.
म्हणजे आम्ही. सी ब्लॉक.
अकरा मॅच, नऊ हार, एक बरोबरी,
आणि एक धुळीच्या वादळात मोडलेली,
जी आपण जिंकलोच होतो असं शशिधरन अजून म्हणतो.

पाण्याच्या टाकीमागं, जिथं रिफायनरीच्या ज्वाळेचा उजेड पडतो,
तिथं उलट्या बादल्यांवर बसलो.
"आधी गोली," शशिधरन म्हणाला. "सात नंबर.
स्कॅफोल्डर, सहा फूट एक.
उंचावर हात सोडून उभं राहायची सवय असणार."
"आणि पडायची?" टेकबहादुरनं विचारलं.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले.

क्रेनवाला मधल्या फळीत, त्याला लांबचं दिसतं.
दोन वेल्डर बचावाला,
ठिणगी अंगावर आली तरी जागा सोडत नाहीत.
इलेक्ट्रिशियन नको, तो चेंडूला आधी टेस्टर लावील.
क्वाबेना, घानाचा, कमी बोलणारा,
बोट फिरवत फिरवत एकोणीसवर थांबला:
वय एकवीस. हेल्पर.
"हा घ्या. ज्याला अजून काहीच येत नाही
तो पळतो तरी."

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं पेठेपेठेत
फुटबॉलपायी सोयरिकी मोडल्यात.
म्हातारा माझा मांडवातनं उठून सेमीफायनल बघायला गेलेला,
स्वतःच्या लग्नाच्या मांडवातनं.
म्हणून इथं माझ्या शब्दाला वजन.
"तू सांग, पाटणकर. यादी सोड.
जगातला कुणीबी माग."

कुणीबी.
मी डोळे मिटून संघ मांडला.
उजवीकडं यासीन,
गोल मारल्यावर चौथ्या दिवशी ज्याचा व्हिसा संपला.
मागं बिपिन, एका सहीनं दुसऱ्या साइटवर गेलेला,
बूट अजून आमच्याच खाटेखाली.
आणि पुढं, एकटा, डाव्या पायाचा,
माझा इंद्रजित. पंधरा वर्षांचा, लई वांड.
त्याला मी दोनदाच खेळताना बघितलाय,
त्याच्या आईनं मैदानाकडंला उभं राहून धरलेल्या फोनमध्ये.
नेटवर्क अडकतं तिथं.
गोल आधी ऐकू येतो,
मग पोरगं पळत येतं.

नाव ओठापर्यंत आलं.
खाली मांडीवर यादी उघडीच होती.
नाव, वय, ट्रेड, उंची, रक्तगट.
मी त्याचा रक्तगट आठवायला लागलो.
आठवला.

"एकोणीस," मी म्हणालो. "एकोणीसच घ्या."

सकाळी सव्वासहाला बस लागली.
सात नंबर उतरला, सहा फूट एक खरा,
चष्मा बाटलीच्या बुडाएवढा.
क्रेनवाल्यानं प्रेशर कुकर
पोरगं कडेवर घ्यावं तसा घेतलेला.
एकोणीस सगळ्यांत शेवटी, तोंड पुसत.
वाटेत उलटी झालेली.
नव्या चपला, तळव्याला किमतीची चिठ्ठी तशीच.

आम्ही पाचही जण त्याच्या पायांकडं बघत होतो.
तो विचारत होता, रेंज कुठं येते,
घरी पोचल्याचं कळवायचं होतं.

"पाय कुठला तुझा?" क्वाबेनानं त्याच्या हिंदीत विचारलं.
पोरगं गोंधळलं.
वाकून आधी एक बघितला, मग दुसरा.
"दोन्ही चांगले आहेत, साहेब," म्हणालं,
"मेडिकलमध्ये लिहिलंय तसं."
आणि पिशवीतनं कागद काढायला लागलं.