पट

ही शाळा बांधली तीनशे वीस मुलांसाठी.
आज पटावर पाचशे अकरा.
मला हे कुणी सांगायला नको,
खुर्च्या मीच मोजतो.

खालच्या बीटच्या शेतांत आता घरं उगवतात.
गल्ल्यांना नावं दिलीत उखडलेल्या झाडांची:
पॉप्लर, विलो, कॉटनवुड.
शुक्रवारी कुठलासा ट्रक गाद्या उतरवतो,
सोमवारी मी खुर्ची शोधत फिरतो.

मैदानात आठ डबे आहेत, चाकांवरचे वर्ग.
तात्पुरते, असं म्हणाले होते.
पहिल्या डब्याच्या पायऱ्या मी दोनदा बदलल्या.
जानेवारीत मुलं लघवीला बर्फ तुडवत मोठ्या इमारतीत येतात.
दुसरीतली हेझल हटकून टोपी विसरते,
आणि माझ्या बॉयलरला पाठ लावून
जरा जास्तच वेळ उभी राहते.

सभा व्यायामशाळेत भरली.
तीच अकराला जेवणघर असते, दोनला संगीताचा वर्ग.
मी मांडल्या एकशे चाळीस खुर्च्या, मुलांच्याच, बुटक्या.
मोठी माणसं हनुवटीला गुडघे लावून बसली
दोन कोटी ऐंशी लाख डॉलरांबद्दल बोलायला.

खजिनदार टिंगी बाईंनी तक्ता दाखवला:
रोखे काढायचे, वीस वर्षांत फेडायचे, बोजा घरपट्टीवर.
मागून लायल स्टॅनफिल उठला. खुर्ची त्याच्यासोबतच उठली.
"ज्यांनी ही घरं बांधून विकली, त्यांच्याकडून घ्या."
कायद्यात बसत नाही, बाई म्हणाल्या.
"मग नव्याने आलेत त्यांच्याकडून घ्या."
"ते देणारच आहेत, लायल. तूही देणार आहेस. मीसुद्धा."
कुणीतरी हसलं. लायल नाही.

माझ्या घरावर वर्षाला दोनशे चौदा.
पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला:
महिन्याला अठराला थोडे कमी,
म्हणजे वर्नाच्या डोळ्यांचे थेंब.

इथे नियम असा, की होकार नकारांच्या दुप्पट हवेत.
निम्म्याहून एक जास्त, हे कर्जाला पुरत नाही.
दोन हो मिळून एक नाही उचलायचा,
तिरडीसारखा.

नोव्हेंबरात मोजणी झाली.
बाराशे बावीस. सहाशे चोवीस.
दुपटीला सव्वीस कमी.
टिंगी बाई चष्मा पुसत म्हणाल्या,
नऊ जण, नुसते नऊ जण इकडचे तिकडे झाले असते तर.
मी झाडत होतो.
नवांतला एक मी होऊ शकलो असतो,
हे मला आणि झाडूला माहीत होतं.

दाराशी पितळी पाटी आहे.
दर ऑगस्टला मी तिला पॉलिश लावतो,
अठ्ठावीस वर्षं लावलं, वाचली कधी नाही.
त्या आठवड्यात वाचली.
'१९५७. या भागातल्या करदात्यांनी बांधली.'

मी पहिलीत आलो एकसष्ट साली.
बापाकडे कर बसेल असं काहीच नव्हतं.
मेंढरं दुसऱ्याची,
घर म्हणजे चाकांवरची एक खोली, डोंगरावर,
भाषा आयडाहोत कुणालाच न कळणारी.
ज्यांना 'फर्मिन अरोस्तेगी' धड म्हणता येत नव्हतं
ते माझ्या बाकाचे हप्ते भरत राहिले,
मी शाळा सोडून गेल्यावरही.
काहींनी शिव्या घालत भरले असतील.
बाकाला ते कळलं नाही.
मलाही नाही.

मे महिन्यात पुन्हा मतदान, याच व्यायामशाळेत.
टेबलं मीच लावणार.
थेंबांचं काय करायचं ते ठरलेलं नाही.
वर्ना म्हणते, एका डोळ्याने पुरेसं दिसतं, तू जा.

आज नववा डबा आला.
दिवस मावळेपर्यंत मी पायऱ्या ठोकत होतो.
दुकानदाराने विचारलं, पक्क्या सागवानी देऊ का?
मी म्हटलं, नको,
स्वस्तातल्या दे,
फार वर्षं टिकायला नकोत.