सांधा

गच्चीवरून येते ती त्रेचाळीस अंशांची,
कारेलीबागेतली मे महिन्याची दुपार चाखून आलेली,
अंगाला डांबर, कबुतरांची पिसं,
शेजारच्या फरसाणवाल्याचं तेल.
खालून येते ती चौदाची,
तांब्याच्या नळ्यांमधून अंग चोरत निघालेली,
ओलसर, कुणाशी फार न बोलणारी.
दोघींची गाठ पडते तळमजल्याच्या छताखाली
पत्र्याच्या एका सांध्यात.
आराखड्यावर तिथं मी
एकच बाण काढला होता.

एक बाण.
म्हणजे झालं मिश्रण, असं मी धरून चालले.

तक्रार वॉर्डातून आली.
पाच नंबरच्या खाटेला दुसरी चादर हवी,
नऊ नंबरच्या म्हाताऱ्याला पंखा हवा,
आणि भिंतीवरचा काटा शपथेवर सांगतोय, चोवीस.
मी बेरीज तपासली, भागाकार तपासला.
सरासरी बरोबर होती.
फक्त त्या सरासरीत
कुणी झोपलेलं नव्हतं.

रमणीकभाई पंचाळ, मकरपुऱ्याचा पत्रेवाला,
शिडीवर चढला, पोटाशी ड्रिल धरून.
डक्टच्या कुशीत चार भोकं पाडली, एकाखाली एक,
आणि थर्मामीटर सरकवत ओरडत गेला:
वर एकतीस. मग सत्तावीस. मग एकोणीस.
तळाला पंधरा.
सांधा सोडून वीस फूट झाले होते
आणि दोघी अजून
एका पंगतीला बसवलेल्या अबोल जावांसारख्या;
मधे पाण्याचा तांब्या,
तोही कुणी पुढं सरकवेना.

झडप उघडून मी आत लोकरीचे धागे बांधले
(दांडिया बाजारातून आणलेली लाल लोकर,
लेकीच्या स्वेटरची एक बाही व्हायची राहिली ती राहिलीच).
धागे थोडे थरथरले, पण रांग सोडली नाही त्यांनी.
तेल लावून विंचरल्यासारखे आडवे.
असं काही दिसलं की मला आजवर बरं वाटायचं.
आवाज नाही, अडथळा नाही, खर्च नाही,
याचेच मार्क मिळाले होते मला.

पंचाळनं वाकून पाहिलं, टिचकी मारली पत्र्यावर.
"बेन, आ बेने लडवा दो."
या दोघींना भांडू द्या.

मग त्यानं उरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या कापल्या,
एक डावीकडं वाकवली, एक उजवीकडं,
मोजमाप न घेता, नुसत्या अंगठ्यानं,
आणि सांध्यापुढं आडव्या ठोकून दिल्या
माझ्या एकुलत्या बाणाच्या वाटेत.

पंखा सुरू केला.
धागे पिसाटले.
एक मागं फिरला, एक गरकन उभा राहिला,
एकानं दुसऱ्याला वेढा घातला आणि सोडवेना.
मोठा भोवरा फुटला, त्याचे चार,
चारांचे किती ते डोळ्यांना कळेना,
इतके बारीक होत गेले
की शेवटी त्यांना भोवरा म्हणणंही जड जावं.
तिथं, त्या बारीकपणात कुठंतरी,
वरचीचा ताप खालचीच्या अंगात उतरला असणार.
दिसलं नाही. पत्र्याला कान लावला
तर आत कुणीतरी ज्वारी पाखडत होतं.

नळीतलं पाणी सात मिलिमीटर चढलं.
हिशेब बघणारे पाठारेसाहेब म्हणाले,
बिल वाढणार?
वाढणार, म्हटलं.
गुपचूप शेजारून जाणं स्वस्त असतं.

भोकांत पुन्हा थर्मामीटर.
साडेचोवीस, चोवीस, चोवीस, पावणेचोवीस.
अगदी एक नाही.
पंचाळनं भोकं बुजवली, चहा मागितला,
अर्धी मजुरी उधार ठेवली.

संध्याकाळी वॉर्डात गेले.
नऊ नंबरचा म्हातारा छताच्या जाळीकडं पाहत म्हणाला,
"हवे सारु छे."
हवे. म्हणजे आता. आता बरं आहे.
तीन पिढ्या झाल्या आम्हाला बडोद्यात,
तरी माझा कान आधी मराठीच ऐकतो:
हवे, म्हणजे काहीतरी पाहिजे.
क्षणभर मी तशीच उभी राहिले, वाकून,
काय हवंय ते त्यानं सांगावं म्हणून.

तो कुशीवर वळला होता.