उजवीकडे ओढ

विल्मा क्रॅब्ट्रीने ते गीव्हस्टनच्या लिलावात घेतलं,
गंजक्या दूधकॅनांच्या जोडीला, जवळजवळ फुकट.
माझ्या बाकावर ठेवून म्हणाली,
"कुठलं आहे, किती जुनं आहे, एवढं सांग.
आणि हे नक्की कोण आहे, तेही."

तेच आधी अवघड.
कान गाढवाचे, शेपूट उंदराचं,
पाठ बसायच्या सोयीने खोलगट केलेली,
म्हणजे कुठल्याच प्राण्याची नाही.
चार चाकं. पायडल नाही. बसायचं आणि जमीन मागे ढकलायची.
फोटो पाहून नॉर्टनने लॉन्सेस्टनहून कळवलं :
जर्मन, युद्धाआधीचं, बहुधा कांगारू.
नॉर्टनला सगळंच जर्मन वाटतं.

मी नाक लावलं.
ह्यूऑन पाइन. तेलकट, गोडसर,
जुन्या होडीच्या पोटात डोकं घातल्यावर येतो तो वास.
हे लाकूड घेऊन बसलेला माणूस इथलाच.
जर्मनी तिथेच संपली.

पोटाखालची फळी सफरचंदाच्या खोक्याची,
शिक्क्याची अर्धी अक्षरं राहिलेली : "मर पिप".
स्टर्मर पिपिन. नदीकाठचा कुठलातरी मळा.
चाकं बाबागाडीची, पुढची एका गाडीची, मागची दुसऱ्या.
स्क्रू सगळे एका खाचेचे,
आणि प्रत्येकाची खाच लाकडाच्या रेषेला धरून थांबवलेली.
असलं सोवळं कारखाना पाळत नाही.

खोगिरात काथ्या, काथ्याखाली वर्तमानपत्र.
साल फाटक्या कोपऱ्याबरोबर गेलेलं.
गुरुवार उरला, लोकरीचा भाव उरला,
आणि चौकटीत : शाळा पुढील सूचनेपर्यंत बंद,
पालकांनी मुलांना सिनेमाला, पोहायला, गर्दीत नेऊ नये.
त्या उन्हाळ्याबद्दल बोलताना माझी आई
आवाज खाली आणायची,
जणू ते दुखणं अजून दाराशी कान लावून आहे.
सदतीस-अडतीस, मी वहीत लिहिलं.

गाव मिळालं, वय मिळालं.
पावती फाडायला हरकत नव्हती.

पण ते सरळ जाईना.
ढकललं की दर वेळी उजवीकडे,
दर वेळी बाकाच्या त्याच पायावर धडक.
आस वाकलाय, मी म्हटलं, ऐंशी वर्षांत काय वाकत नाही,
आणि शिकंज्यात धरून हातोडी घेतली.

आस वाकलेला नव्हता.
एका टोकाखाली पाचर होती,
नखाएवढी, सरसाने बसवलेली, वरून रंग दिलेली.
कोणीतरी त्याला मुद्दाम वाकडं चालायला लावलं होतं.

हातोडी ठेवली. मग कुशी पाहिल्या,
ज्या आधी पाहायला हव्या होत्या.
उजवीकडे गुडघ्याच्या जागी रंग पार गेलेला,
लाकूड वापरलेल्या साबणासारखं.
डावीकडे रंग जसाच्या तसा.
खाली पाऊल टेकायला फळी, तिला कातडी पट्टा,
आणि फळीवर बारीक ओरखडे, सगळे एकाच जागी,
लोखंडाचे.
बुटाला जोडलेल्या लोखंडाचे.

एका उजव्या पायाने ढकलणारं मूल डावीकडे वळत राहतं,
गोल गोल फिरून अंगणातच उरतं.
म्हणून कोणीतरी, हंगामाची खोकी रवाना झाल्यावर,
त्याला वर बसवलं असणार. ढकल.
पाचर तासली असणार. आता ढकल.
अजून थोडी.
किती वेळा, ते लाकूड सांगत नाही.
मुलगा की मुलगी, तेही नाही.

शनिवारी विल्मा आली. मी सांगितलं,
इथलंच, याच खोऱ्यातलं. पंच्याऐंशीच्या वर.
प्राणी ठाऊक नाही.
"आणि दुरुस्ती?"
काही बिघडलेलं नाही, मी म्हटलं.
तिने बोटाने हलकेच ढकललं.
ते उजवीकडे वळलं, बाकाच्या पायाला लागून थांबलं.
तिने माझ्याकडे पाहिलं.

"रिकामं आहे ना," मी म्हटलं.