दोन सीटची

नागपुरातल्या कोण्या बिल्डरच्या पोराची, पिवळी.
मला सेकंडहँड पडली.
काट्यावर दोनशे ऐंशी लिहिलंय,
मी पासष्ट पाहिलेत, तेही उताराला.

डिकीत हातमोजे नि गमबूट.
बाजूच्या सीटवर नायट्रोजनचा कंटेनर, पट्टा लावून;
आत गवळाऊचं बी थंड झोपलेलं.

कारंज्यापुढं स्पीडब्रेकर अठरा.
एकेक तिरपी घालतो, तरी पोट घासतं.
शेवंताबाई कालोकार गोठ्यातूनच ओरडते,
"गाभण हाय काय गाडी, डॉक्टर?"

लोक डांबरावर तूर पसरून ठेवतात,
ट्रकनं मळून निघते.
माझ्यापुढं मात्र धावत येतात, पेंढ्या उचलतात,
गाडीखाली अडकायला नको म्हणून.

परवा वच्छला म्हणाली, माझी सीट कोणती?
कंटेनर शेजारच्या नेहाऱ्यांकडं ठेवला.
ती बसली, गुडघे जवळजवळ हनुवटीला.
धुऱ्याधुऱ्यानं निघालो.
कपाशीची बोंडं खिडकीशी,
समोरून येणाऱ्या गाईंची नुसती पोटं, कासा, खूर.

खूप वेळ बोलली नाही.
मग म्हणे,
"वासराले असंच दिसत असन ना सारं?"

पुढं स्पीडब्रेकर होता.
मी तिरपी घातली.